वहिनीच्या गाडीची किल्ली

आमची वहिनी शाळेची बस चालवते आणि मी त्याच बसमध्ये मुलांना चढवते-उतरवते. म्हणजे नणंद-भावजय घरीही एकत्र आणि कामावरही एकत्र. लोक विचारतात, तुमचं भांडण होत नाही का? अहो, होतं की! लाल दिव्याला गाडी थांबली की आम्ही भांडतो आणि हिरवा लागला की गप्प बसतो, कारण गाडी चालवताना वहिनी बोलत नाही. तिचा नियम आहे तो. बाकी वेळी तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं मला तरी आठवत नाही.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. इतका अबोल की दुकानात घड्याळांचाच आवाज जास्त. अशा माणसाला ही कशी मिळाली, हे कोडं आमच्या आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. वहिनीच्या वडिलांचा टेंपोचा धंदा होता, त्यावरच ती शिकली. लग्नानंतर तिचं सामान घेऊन टेंपो आमच्या गल्लीत आला, तेव्हा ड्रायव्हरला तो मागे घेता येईना. पुढे भिंत, मागे गटार. अर्धी गल्ली "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवत होती. नवी नवरी खाली उतरली, ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, सरका जरा," आणि एका दमात टेंपो दारात लावला. "कानामागून आली आणि तिखट झाली," आई म्हणाली. पण म्हणाली ती हसत हसत.

आता वहिनी भरलेल्या अंगाची झालीये. चष्म्याला दोरी, सीटवर स्वतः शिवलेली उशी, गालात एक लवंग. दोन मुलगे आहेत, दोघंही कामाधंद्याला लागलेत आणि दोघंही आजही तिच्याशी फोनवर बोलताना उभे राहतात. चौकातला पोलीस तिला वहिनी म्हणतो, शाळेचा पहारेकरी वहिनी म्हणतो, शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा वहिनीच म्हणतात. खरी नणंद एकटी मी, पण भावजय मात्र साऱ्या गावाची. मी तिला अगंतुगं करते आणि ती मला "वन्सं, अहो वन्सं" म्हणते. ऐकायला मानाचं वाटतं, पण "वन्सं" म्हटलं की पुढं काहीतरी काम असतंच.

त्या वर्षी सीमेपलीकडची माणसं आमच्याकडे आली. तिकडं गोळीबार चालला होता, गावंच्या गावं रिकामी झाली. गावाबाहेर एक बंद पडलेला सायकलींचा कारखाना आहे. तिथं पत्र्याचे आडोसे घालून त्या कुटुंबांच्या राहण्याची सोय केली. सगळे त्याला निवारा म्हणायला लागले. त्यातली मुलं आमच्या शाळेत घातली आणि आमच्या बसची फेरी निवाऱ्यापर्यंत वाढली.

पहिल्या सकाळी आम्ही फाटकापाशी पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. एकही पोर नुसतं दप्तर घेऊन आलं नव्हतं. कुणाच्या पाठीवर घोंगडीची वळकटी, कुणाच्या हातात दोरीनं झाकण बांधलेलं पातेलं, कुणाकडे भिंतीवरचं घड्याळ. एकानं तर लाकडी खुर्ची आणली होती, चांगली हातांची खुर्ची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे सगळं चढवणार कोण? मीच ना?

"अगं बाई, ही शाळेची बस आहे की बिऱ्हाड हलवायचा ट्रक?" मी म्हटलं.

मुलांच्या आया मागे उभ्या होत्या, ओशाळलेल्या. त्यातली एक पुढं आली आणि म्हणाली, "काय करू हो? ऐकतच नाहीत. आम्ही घरातून निघालो तेव्हा आम्हीच त्यांना सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत परत येऊ, काही घेऊ नका. आता आमच्यावर विश्वास कसा ठेवतील?"

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, इथं तर पोरं होती. वहिनी खाली उतरली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सामान बघितलं. मग म्हणाली, "वन्सं, खुर्ची आधी घ्या. ती आडवी बसली की बाकीचं तिच्यावर रचता येईल." दुसऱ्या दिवशी तिनं पान्हा घेऊन मागच्या बाजूच्या दोन सीटा काढून टाकल्या आणि सामानाला जागा केली. बसचा मालक ओरडला. वहिनीनं त्याला ओरडू दिलं. तिच्याइतकी वेळेवर गाडी पोचवणारं दुसरं कुणी त्याच्याकडे नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

शाळेत एक बाई आहेत, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या. त्यांच्या खोलीत टेबलच नाही, नुसती सतरंजी आणि चित्रं काढायला कागद. मुलं त्यांना गप्पांच्या बाई म्हणतात. वयानं तरुण, बोलणं हळू, पण बाई पक्की. त्यांनी आम्हाला सांगितलं, "सामान ओढून घेऊ नका, आणि एखाद्यानं कमी आणलं म्हणून शाबासकीही देऊ नका. रोज संध्याकाळी घरी पोचतोय हे कळत गेलं की ओझं आपोआप हलकं होईल." वहिनीला कुठलीही गोष्ट आपोआप होते हे मान्य नसतं, पण तिनं ऐकलं. आणि झालंही तसंच. आधी खुर्ची घरी राहिली. मग पातेली. घड्याळवाल्या पोरीचं घड्याळ बंद पडलं होतं, ते माझ्या भावानं दुरुस्त केलं, मग तेही निवाऱ्याच्या भिंतीवर लागलं. मला वाटलं, चला, सुटलो.

पण एक मुलगी उरली.

ती बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढायची. हसतखेळत चढायची, हे विशेष. अगदी शेवटच्या सीटवर खिडकीशी बसायची, मांडीवर गाठोडं, आणि पूर्ण गाडीवर नजर. वहिनीनं तिचं नाव हवालदार ठेवलं. शाळा आली, सगळी मुलं उतरली, की ही मात्र जागची हलायची नाही. मी समजावलं, गोड बोलले, एकदा दटावलं. शाळेतल्या एका बाईंनी तिला उचलून न्यायला बघितलं, तर पोरीनं पुढच्या सीटचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. रडणं नाही, ओरडणं नाही. गप्पांच्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "सोडा तिला. अजिबात ओढायचं नाही." मग त्या स्वतः रोज बसमध्ये येऊन तिच्याशेजारी बसायला लागल्या.

तिच्या आईनं मला सगळी हकिकत सांगितली. पळून येताना ते सगळे एका बसमध्ये होते. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबली, पाणी भरून घ्या म्हणाले. माणसं उतरली. ही पोरही आईबरोबर उतरली. आजोबा मागच्या सीटवर झोपले होते, त्यांना कशाला उठवा म्हणून राहू दिलं. तेवढ्यात कुठंतरी स्फोट झाला, ड्रायव्हर घाबरला आणि गाडी घेऊन निघून गेला. आजोबांचा पत्ता अजून लागलेला नाही. चौकशी चालू आहे, गप्पांच्या बाईंनीही कुठं कुठं कळवलंय.

"तिला बसमध्ये चढायची भीती नाही हो," आई म्हणाली. "उतरायची आहे. उतरलं की गाडी जाते, एवढंच तिला ठाऊक."

इकडं शाळेचंही खरं होतं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण जागा थोड्या आणि मुलं फार. त्या म्हणाल्या, "सुट्टी लागेपर्यंत मी तिची जागा धरून ठेवते. तोवर ती वर्गात बसायला लागली तर उत्तम. नाही तर निवाऱ्यातल्या वर्गात घालावं लागेल." निवाऱ्यातला वर्ग म्हणजे एका आडोशात लहानमोठी सगळी पोरं कोंबलेली आणि शिकवायला एकच बिचारी बाई. हे ऐकल्यावर त्या आईनं वहिनीचे हात धरले. "काहीही करा, पण हिला उतरवा," ती म्हणाली. "नाही तर ती जन्मभर त्याच गाडीत बसून राहील."

घरी आल्यावर वहिनी भाजी चिरतानासुद्धा बोलली नाही, तेव्हा माझा भाऊसुद्धा मान वर करून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेपाशी सगळी मुलं उतरल्यावर वहिनीनं गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मागे गेली.

"हवालदार, हे काय आहे?"

"किल्ली."

"हिच्याशिवाय गाडी चालते?"

पोरीनं विचार केला. "चालवून दाखव," ती म्हणाली.

वहिनी पुढं येऊन बसली. बटण दाबलं, दांडा हलवला, पाय आपटले, "चल गं बाई, चल" म्हणून गाडीची विनवणीही केली. गाडी ढिम्म. पोर उठून पुढं आली आणि तिनं स्वतः सगळं करून बघितलं. तरी ढिम्म. मग वहिनीनं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "शाळा सुटेपर्यंत ही तुझ्याकडे. तू परत येऊन दिल्याशिवाय मी कुठं जाऊ शकत नाही. वन्सं पण जाऊ शकत नाहीत."

"मला का मध्ये घेतेस?" मी म्हटलं. पण माझं कोण ऐकतंय!

पोरीनं गाठोड्यात हात घातला आणि चाचपून बुटाची एक लांब तपकिरी नाडी ओढून काढली. किल्ली तिच्यात ओवली आणि गळ्यात घातली. आणि उतरली! गाठोडं ओढत ओढत, दर दोन पावलांना मागे बघत, पण उतरली आणि वर्गात जाऊन बसली. मी वहिनीला तिथंच मिठी मारली. एरवी आमच्यात असली पद्धत नाही.

मग आमचा दिवसच बदलला. गाडी दिवसभर शाळेच्या फाटकाशी उभी, आणि आम्ही दोघी तिच्या सावलीत. वहिनी चादरी शिवायची, मी लसूण सोलायचे. मधल्या वेळात मालक ही गाडी दुसरीकडे पाठवायचा, ते बंद झालं. वहिनीनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, दुपारची फेरी दुसऱ्या गाडीनं करा. तो "बघू" म्हणाला. मालक लोकांचं "बघू" मला कधीच आवडलेलं नाही.

"वहिनी," मी एकदा विचारलं, "दुसरी किल्ली मालकाकडे आहे ना गं?"

"वन्सं, लसूण सोला," ती म्हणाली.

हळूहळू पोर सुधारली. वर्गात तिची जागा खिडकीशी होती, तिथून गाडी दिसायची. अधूनमधून खिडकीतून हात हलवायची, आम्ही दोघी हलवायचो. तिच्या वहीत आता अक्षरं दिसायला लागली. आणि एके दिवशी तिनं गाठोडं शेवटच्या सीटखाली सारलं, वर हात ठेवून क्षणभर थांबली आणि नुसतं दप्तर घेऊन उतरली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शाबासकी द्यायची नाही हे लक्षात होतं, म्हणून दोघीही आकाशाकडे बघत राहिलो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माशी शिंकली.

आम्ही दोघी शाळेच्या मागच्या नळावर डबे धुवायला गेलो होतो. तेवढ्यात मालकाचा मेव्हणा आला. मालकाची दुसरी गाडी बिघडली होती आणि कुठल्याशा कंपनीच्या फुटबॉलवाल्यांना मैदानावर पोचवायचं होतं. मेव्हण्याकडे होती दुसरी किल्ली. तो चढला, गाडी चालू केली आणि आमच्या हातावर तुरी देऊन गेला. आवाज ऐकून आम्ही धावत पुढं आलो, तर गाडी कोपऱ्यावरून वळत होती. आणि तिच्यामागं रस्त्यावरून हवालदार पळत होती.

वर्गाच्या खिडकीतून तिनं सगळं बघितलं होतं. बाईंना कळायच्या आत, पहारेकऱ्याला कळायच्या आत ती फाटकाबाहेर गेली होती. आमची वहिनी जिना चढली तरी दम लागतो म्हणणारी, पण त्या दिवशी अशी धावली की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. कोपऱ्यावर तिनं पोरीला गाठलं. मी पोचले तेव्हा दोघी पदपथाच्या कडेला बसल्या होत्या. वहिनीचा चष्मा दोरीला लोंबत होता. पोर रडत नव्हती. गळ्यातली किल्ली तिनं मुठीत धरून वहिनीसमोर केली होती.

"किल्ली तर माझ्याकडे आहे ना?" ती म्हणाली.

वहिनीला जे सुचेल ते सांगून वेळ मारून नेता आली असती. चोरानं नेली म्हणता आलं असतं, जादू झाली म्हणता आलं असतं. वहिनीला गोष्टी काही कमी येत नाहीत. पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली ती नाही.

"अजून एक किल्ली होती," ती म्हणाली. "मालकाकडे. मला ठाऊक होतं. तुला सांगितलं असतं तर तू उतरली नसतीस, म्हणून मी सांगितलं नाही. माझं चुकलं."

पोर तिच्याकडे नुसती बघत राहिली. मोठ्या माणसाकडे मूल असं बघतं ना, तेव्हा माणसानं कुठं तोंड लपवावं कळत नाही. पण वहिनीनं नजर वळवली नाही.

"तू वन्संसोबत शाळेत थांब," वहिनी शेवटी म्हणाली. "मी आत्ता जाते आणि गाडी घेऊन येते."

तेवढ्यात गप्पांच्या बाई आल्या, पायात वर्गातल्या सपाता तशाच. त्या खाली बसल्या, श्वास सावरला आणि वहिनीला म्हणाल्या, "तुम्ही एकट्या जाऊ नका. हिला घेऊन जा. मी पण येते. तुम्ही गाडी आणून दिलीत तर ती तुम्हाला सापडली. ती हिला सापडायला हवी."

वहिनीनं एकदाच मान हलवली. ती सहसा कुणाचा सल्ला इतक्या पटकन घेत नाही. मी मोठ्या बाईंना फोन केला, हिच्या आईला निरोप धाडला, मालकाला फोन करून गाडी कुठं आहे ते विचारलं. मालकाला आणखीही बरंच काही म्हटलं, ते इथं सांगत नाही. आम्ही चौघी टॅक्सीत बसलो. पोर मध्ये, किल्ली मुठीत. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "कुठं जायचं?" आम्ही कुणी बोलायच्या आत पोर म्हणाली, "आमची गाडी शोधायला."

मैदानाबाहेर झाडाखाली गाडी उभी होती. लांबूनच दिसली, पिवळी धमक. पोर टॅक्सी थांबायच्या आधी दाराशी झोंबायला लागली. मेव्हणा सीटवर पाय पसरून पेंगत होता. वहिनीची हाक ऐकली आणि त्याची पाचावर धारण बसली. पोर त्याच्या बाजूनं सुळकन आत शिरली, थेट मागे गेली आणि शेवटच्या सीटखाली वाकली.

गाठोडं होतं.

तिनं त्याची गाठ तिथंच सोडली, आम्हा सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. एक स्वेटर, एक फुटका कंगवा आणि पुरुषी मापाचे, जुने, तपकिरी बूट. एका बुटाला नाडी होती, दुसऱ्याला नव्हती.

"हे आजोबांचे," ती म्हणाली. "माझे ओले होते म्हणून पाणी आणायला मी त्यांचे घालून उतरले. त्यांना न विचारता." मग अगदी हळू म्हणाली, "ते अनवाणी आहेत."

मला रडू फुटलं. फुटलं तर फुटलं, त्यात लपवायचं काय? इतके दिवस हे ओझं त्या पोरीच्या मांडीवर होतं आणि मी म्हणत होते, सामान चढवून चढवून माझी कंबर गेली.

गप्पांच्या बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तू बूट घातलेस म्हणून गाडी गेली नाही," त्या म्हणाल्या. "तू उतरलीस म्हणूनही गेली नाही. गाडी मोठ्या माणसानं नेली. आज नेली तशीच."

पोरीनं वळून मेव्हण्याकडे बघितलं. "यानं नेली?"

"यानंच," वहिनी म्हणाली.

पोर उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या कमरेएवढी असेल. "नेताना मागं बघितलं होतंस का?" तिनं विचारलं. "शेवटच्या सीटपर्यंत?"

मेव्हणा एरवी मिशीला पीळ देऊन बोलणारा. त्यानं एकदा वहिनीकडे बघितलं, मग त्या बुटांकडे. "नाही बघितलं," तो म्हणाला. "बघायला हवं होतं. चुकलं माझं."

पोर परत मागे गेली आणि गाठोडं बांधायला लागली. गप्पांच्या बाईंनी मदतीला हात पुढं केला, तो तिनं बाजूला केला. गाठ तिची तिनं मारली.

वहिनीनं मेव्हण्यापुढं हात पसरला आणि त्यानं दुसरी किल्ली मुकाट्यानं त्यावर ठेवली. खेळ संपवून आलेल्या फुटबॉलवाल्यांना काही कळेना. "आम्ही जायचं कसं?" त्यातला एक म्हणाला. "पायानंच खेळता ना?" वहिनी म्हणाली आणि गाडी वळवली. नंतर मालकानं त्यांच्यासाठी दुसरी सोय केली असं ऐकलं. मालकाच्या कचेरीत मात्र वहिनी स्वतः गेली. मी दाराबाहेर उभी होते. ती एवढंच म्हणाली, "एक तर दोन्ही किल्ल्या माझ्याकडे, नाही तर दोन्ही तुमच्याकडे आणि गाडी तुम्हीच चालवा." मालक "बघू" म्हणाला नाही. "ठेवा," म्हणाला.

दुसऱ्या सकाळी ती येते की नाही याची मला धाकधूक. वहिनी लाल दिव्यालाही भांडली नाही. निवाऱ्याच्या फाटकाशी पोर उभी होती, गाठोडं घेऊन, सगळ्यांच्या पुढं. चढली. शेवटच्या सीटवर बसली. शाळा आली, बाकीची मुलं उतरली. वहिनी मागे गेली आणि तिनं दोन्ही किल्ल्या पोरीच्या हातात दिल्या.

"आता तिसरी नाही," ती म्हणाली. "शपथेवर सांगते."

पोरीनं दोन्ही किल्ल्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग एक उचलली आणि वहिनीकडे परत धरली.

"ही तुझ्याकडे ठेव."

"अगं, आणि मी गाडी घेऊन गेले तर?" वहिनी म्हणाली. असा राग आला मला! हे काय विचारायचं असतं?

"मग तू परत येशील," पोर म्हणाली आणि उतरली. गाठोडं सीटखालीच होतं. या वेळी तिनं त्याच्यावर हातही ठेवला नाही. वहिनी त्या सीटवर बसून राहिली, मूठ मिटून. मी बाटली पुढं केली, तर म्हणाली, "वन्सं, पाणी नको, दोन मिनिटं बोलू नका." मी बोलले नाही. एवढी अक्कल मलाही आहे.

सुट्टी लागायच्या आधी मोठ्या बाईंनी तिचं नाव पुढच्या वर्गात घातलं. हवालदाराला आम्ही काम दिलं. गाडी हलायच्या आधी शेवटच्या सीटपर्यंत जायचं, वाकून बघायचं आणि ओरडायचं, "मागं कुणी नाही!" त्याशिवाय वहिनी किल्ली फिरवत नाही. मेव्हणासुद्धा आता त्याच्या गाडीत हेच करतो.

शाळेच्या शेवटच्या दिवशी पोर गाठोड्याशिवाय आली. हातात फक्त बूट होते, पुसून लख्ख केलेले. ती शेवटच्या सीटवर बसली, गळ्यातून किल्ली काढली आणि नाडी सोडवून बुटात ओवायला लागली. एकेक भोक शोधत, जीभ दातांत धरून. मला मदत करावीशी वाटली, पण मी हात मागे बांधून उभी राहिले. शेवटी तिनं दोन्ही बूट सीटखाली नीट जोडीनं ठेवले आणि मोकळी किल्ली वहिनीला आणून दिली.

"नाडी आजोबांना लागेल," ती म्हणाली. "ते मागच्याच सीटवर बसतात."

आता ती वरच्या वर्गात आहे, तोंडाचा पट्टा चालू असतो, खिडकीसाठी भांडते. चौकशी अजून चालू आहे. बूट आहेत तिथंच आहेत. आठवड्यातून एकदा वहिनी मला पॉलिश करायला लावते आणि "वन्सं, टाचेकडे राहिलं" म्हणून वर चुकाही काढते. परवा गाडीच्या वार्षिक तपासणीला साहेब आला होता. त्यानं दिवे बघितले, ब्रेक बघितले, मागे गेला आणि वाकून म्हणाला, "हे बूट कुणाचे?"

"प्रवाशाचे," वहिनी म्हणाली. "चढायचा राहिलाय."